इथेनॉलवरचा पाण्याचा आळ

‘इथेनॉल हवेतले पाणी ओढते. त्यामुळे गाडीच्या टाकीत पाणी साठते, मिश्रण फाटते आणि इंजिन बंद पडते. म्हणून ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल) हे मुळातच सदोष इंधन आहे.’ हे मत आज गॅरेजपासून वर्तमानपत्री स्तंभांपर्यंत सगळीकडे रूढ झाले आहे. त्याला मिळणारे उत्तरही ठरलेले असते: आमचे इथेनॉल ९९.५ टक्के शुद्ध आहे, भारतीय मानकाला उतरलेले आहे, तेव्हा काळजीचे कारण नाही.

माझ्या मते हे दोन्ही पक्ष एकाच चुकीच्या गृहीतावर उभे आहेत. इंधनाची प्रत एका आकड्यात सामावते, असे दोघेही धरून चालतात. एक जण पाण्याच्या आकड्याला भितो, दुसरा शुद्धतेच्या आकड्यावर विसंबतो. प्रत्यक्षात इंधनाची प्रत ठरते ती कोणती चाचणी, कोणत्या टप्प्यावर आणि कोणत्या धोक्यासाठी केली यावर. ई-२० ची खरी उणीव तिथे आहे.

आधी पूर्वपक्षातला खरा भाग मान्य करू. इथेनॉल आर्द्रताशोषक आहे, यात वाद नाही. उघड्या भांड्यातले निर्जल इथेनॉल हवेतला ओलावा घेते. मायलेज घटते, ही तक्रारही खरी आहे. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच, शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि ई-१० साठी जुळवलेल्या चारचाकींची इंधनक्षमता ई-२० वर सुमारे ६ ते ७ टक्क्यांनी आणि तशाच दुचाकींची ३ ते ४ टक्क्यांनी घटेल, असे नमूद आहे. इथेनॉलच्या लिटरमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्याचा हा परिणाम. ग्राहकाला तो किमतीत भरून मिळावा की नाही, हा वाद रास्त आहे, पण तो पाण्याचा वाद नाही.

पाण्याच्या वादात गुणधर्म सांगितला जातो, परिमाण सांगितले जात नाही. ते मोजून पाहू. ३० अंश सेल्सिअसला पूर्ण दमट हवेच्या एका घनमीटरमध्ये सुमारे ३० ग्रॅम बाष्प असते. दुचाकीची १० लिटरची टाकी अर्धी रिकामी असेल, तर तिच्यातल्या ५ लिटर हवेत बाष्प असेल फार तर ०.१५ ग्रॅम. दिवस-रात्रीच्या तापमानात १२ अंशांचा फरक धरला, तर ही हवा सुमारे ४ टक्क्यांनी फुगते आणि आकसते. म्हणजे उभ्या गाडीच्या टाकीत रोज ०.२ लिटर बाहेरची हवा येते आणि तिच्याबरोबर ६ मिलिग्रॅम पाणी. सढळ हाताने १० मिलिग्रॅम धरू, आणि ते सगळेच्या सगळे इथेनॉलने शोषले असेही धरू.

आता दुसरी बाजू. १५ अंशांना ई-१० आकारमानाने साधारण अर्धा टक्का पाणी विरघळवून ठेवते. इथेनॉलचे प्रमाण किंवा तापमान वाढले की ही क्षमता वाढतेच. तरीही अर्धाच टक्का धरला, तर ५ लिटर इंधन फाटायला निदान २५ मिलिलिटर पाणी लागेल. रोजच्या १० मिलिग्रॅमने तिथे पोचायला २,५०० दिवस लागतील, म्हणजे जवळजवळ सात वर्षे. गाडी चालती असेल तर धोका आणखी कमी. १० लिटर इंधन जळताना १० लिटर हवा आत येते आणि तिच्यातले ०.३ ग्रॅम बाष्प इंधनाबरोबर जळून निघून जाते. हवेतल्या ओलाव्याने टाकीत पाणी होते, हे म्हणणे या हिशेबापुढे टिकत नाही.

ब्राझीलचा अनुभवही हेच सांगतो. तिथे अनेक दशके गाड्या हायड्रस इथेनॉलवर धावत आहेत आणि त्या इंधनात वजनाने साधारण सहा-सात टक्के पाणी असते. २००३ पासून तिथे आलेल्या फ्लेक्स गाड्यांत हेच इंधन पेट्रोल-मिश्रणाशी हव्या त्या प्रमाणात मिसळते. पाणी इथेनॉलमध्ये विरघळलेले असेपर्यंत इंजिनाचे अडत नाही. अडते ते पाणी वेगळे झाल्यावर.

तरीही पावसाळ्यात पेट्रोलबरोबर पाणी आल्याच्या तक्रारी होतात आणि त्या खोट्या नाहीत. मग कारण कोणते? इथे अन्वय-व्यतिरेकाची कसोटी लावावी. दोष हवेतल्या ओलाव्याचा असता, तर वेगवेगळ्या पंपांवर भरलेल्या, जास्त दिवस उभ्या राहिलेल्या गाड्या सुट्यासुट्या बंद पडल्या असत्या. पाण्याच्या तक्रारींचे ठळक रूप वेगळे असते: एकाच पंपावर, एकाच दिवशी इंधन भरलेल्या अनेक गाड्या लागोपाठ अडतात. हे लक्षण गाडीच्या टाकीकडे बोट दाखवत नाही, पंपाच्या भूमिगत टाकीकडे दाखवते. झाकणातून, सांध्यातून, भरण्याच्या तोंडातून पावसाचे पाणी लिटरांनी शिरते. हवेचे बाष्प मिलिग्रॅमचे असते.

आणि इथे इथेनॉलने खरोखरच परिस्थिती बदलली आहे. शुद्ध पेट्रोलच्या काळात टाकीत शिरलेले थोडे पाणी तळाशी बसे, ओढनळी त्याच्या वर असे आणि ते अधूनमधून उपसले की भागे. मिश्रणात तेच पाणी आधी विरघळते. मर्यादा ओलांडली की ते पेट्रोलमधले इथेनॉल आपल्याबरोबर खाली ओढते. तळाचा थर मूळ पाण्याच्या कितीतरी पट जाड होतो, ओढनळीपर्यंत पोचतो आणि थेट ग्राहकाच्या टाकीत जातो. वर उरलेल्या पेट्रोलमधून इथेनॉल गेल्याने त्याचा ऑक्टेनही उतरतो. पंपाच्या टाकीत एरवी खपून गेलेली गळती आता खपत नाही. म्हणजे ई-२० ने इंधन बिघडवले नाही, साठवणुकीची कसोटी कडक केली. प्रश्न असा की तपासणी तेवढी कडक झाली का?

पंपावर पाणी शोधायची रूढ पद्धत म्हणजे डिप रॉडच्या टोकाला वॉटर फाइंडिंग पेस्ट लावून ती टाकीच्या तळाला टेकवणे. पाणी लागले की पेस्टचा रंग बदलतो. पण मिश्रण फाटल्यावर तळाशी निव्वळ पाणी नसते, पाणी आणि इथेनॉल यांचा एकजीव थर असतो. तिथे साधी पेस्ट नीट बोलत नाही, इथेनॉलसाठी बनवलेली वेगळी पेस्ट लागते. आणि पाणी अजून विरघळलेलेच असेल, तर कोणतीच पेस्ट काही सांगत नाही.

ग्राहकाच्या हाती दोन चाचण्या आहेत: फिल्टर पेपर आणि घनता. फिल्टर पेपरवर डाग राहतो का, यावरून जड भेसळ कळते, पाणी कळत नाही. घनतेचे गणित तर सोपे आहे. ७४५ किलो प्रति घनमीटर घनतेच्या इंधनात अर्धा टक्का पाणी मिसळले, तर घनता सुमारे १.३ ने वाढते. आपल्याकडे नोंदलेल्या घनतेपासून ३ पर्यंतचा फरक ग्राह्य धरतात. म्हणजे मिश्रण फाटण्याच्या काठावर असले, तरी घनतेची चाचणी ते निर्दोष ठरवील. ज्या धोक्याची सर्वांत जास्त चर्चा होते, तो पाहण्याची सोय ग्राहकाजवळ नाही. संशयाला जागा मिळते ती यामुळे.

ब्राझीलने यावर साधा उपाय योजला आहे. १०० मिलिलिटरच्या मोजनळीत ५० मिलिलिटर पेट्रोल आणि ५० मिलिलिटर १० टक्के मिठाचे पाणी घालतात, हलवून स्थिर होऊ देतात. इथेनॉल पेट्रोल सोडून मिठाच्या पाण्यात उतरते. खालच्या थरात जितके मिलिलिटर वाढ झाली, त्याची दुप्पट करून एक मिळवला की इथेनॉलची टक्केवारी मिळते. वाढ साडेनऊ मिलिलिटर असेल तर इथेनॉल २० टक्के. ग्राहकाने मागणी केली की पंपचालकाला ही चाचणी तिथेच करून दाखवावी लागते. जिथून इथेनॉल खाली निसटले आहे, त्या टाकीतले पेट्रोल या नळीत लगेच उघडे पडते.

आता दुसऱ्या पक्षाकडे वळू, ज्याचा भरवसा ९९.५ या आकड्यावर आहे. हा आकडा चांगला आहे आणि तो गाठणे सोपे नाही. साध्या ऊर्ध्वपातनाने वजनाच्या ९५.६ टक्क्यांपुढे जाता येत नाही, कारण तिथे पाणी आणि इथेनॉल एकत्रच उकळतात. म्हणून आपल्या डिस्टिलऱ्यांत तीन अँगस्ट्रॉम छिद्रांची मॉलिक्युलर सीव्ह वापरतात. पाण्याचा रेणू त्या छिद्रांत शिरतो, इथेनॉलचा मोठा रेणू बाहेर राहतो. पण हा आकडा काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे पाहिले पाहिजे. मिथेनॉल आणि इथेनॉल यांची घनता जवळजवळ सारखी, २० अंशांना ०.७९१ आणि ०.७८९. हायड्रोमीटरला त्यांतला फरक कळणार नाही, तिथे गॅस क्रोमॅटोग्राफ लागतो. त्या यंत्राच्या ज्वाला-आयनन शोधकाला पाणी दिसत नाही, म्हणून पाणी कार्ल फिशर पद्धतीने वेगळे मोजून हिशेबात घ्यावे लागते. आणि या दोघांनाही क्षार दिसत नाहीत.

धातूंना खरा त्रास असतो तो या क्षारांचा आणि आम्लांचा. क्लोराइड धातूवरचे संरक्षक पापुद्रे तोडते, सल्फेट फिल्टरमध्ये आणि इंजेक्टरच्या तोंडाशी साका धरते. हे अनुभवाने कळल्यावर अमेरिकेच्या एएसटीएम डी४८०६ या मानकात सल्फेटला ४ मिलिग्रॅम प्रति किलो अशी मर्यादा आली आणि क्लोराइडची मर्यादा आणखी कडक झाली. तेच मानक पाणी मात्र १ टक्क्यापर्यंत चालवून घेते. वाहनांच्या भागांची चाचणी घेताना एसएई जे१६८१ नुसार जे ‘आक्रमक इथेनॉल’ तयार करतात, त्यात पाण्याबरोबर मीठ, गंधकाम्ल आणि ॲसेटिक आम्ल मुद्दाम घालतात. भाग कशाने खराब होतात, याबद्दल अभियंत्यांच्या मनात संदिग्धता नाही.

२००४ च्या आयएस १५४६४ या भारतीय मानकात आम्लता ३० मिलिग्रॅम प्रति लिटर, तांबे ०.१ मिलिग्रॅम प्रति किलो, विद्युतवाहकता ३०० मायक्रोसीमेन्स प्रति मीटर अशा मर्यादा होत्या. क्लोराइड आणि सल्फेट यांना स्वतंत्र रकाना नव्हता. वाहकता सगळ्या आयनांची बेरीज सांगते, त्यांतला घातक आयन कोणता हे सांगत नाही. महाराष्ट्राला तर यात अधिकच लक्ष घालायला हवे. आपल्या बहुतेक साखर कारखान्यांत रस स्वच्छ करायला सल्फर डायऑक्साइड वापरतात, त्यामुळे मळीत गंधकाची संयुगे उतरतात. सल्फाइट रूपातला गंधक आज सल्फेट म्हणून मोजला जात नाही आणि साठवणुकीत ऑक्सिजन मिळाला की सल्फेट होतो. म्हणूनच आयन क्रोमॅटोग्राफीच्या पद्धतींत नमुना हायड्रोजन पेरॉक्साइडने ऑक्सिडाइझ करून ‘संभाव्य सल्फेट’ वेगळे मोजतात. ही चाचणी जणू आपल्याच मळीसाठी योजलेली आहे.

शिवाय प्रमाणपत्र डिस्टिलरीच्या फाटकापाशी संपते. ऊर्ध्वपातनात बहुतेक क्षार मागेच राहतात. ते नंतर टँकरमधून, डेपोच्या टाकीतून, शिरलेल्या पाण्यातून येतात. फाटकावरचे ९९.५ पंपाच्या नोझलची हमी देऊ शकत नाही.

म्हणून माझा सिद्धान्त असा: ई-२० सदोष नाही आणि ९९.५ टक्क्यांनी ते निर्दोषही ठरत नाही. धोका जिथे निर्माण होतो तिथे, त्या धोक्याला ओळखणारी चाचणी हवी. डिस्टिलरीत आणि डेपोत टँकरगणिक पाणी, आम्लता, क्लोराइड, सल्फेट आणि संभाव्य सल्फेट यांची नोंद व्हावी व ती लोकांसाठी खुली असावी. प्रत्येक पंपावर इथेनॉलसाठीची पेस्ट वापरली जावी आणि पावसाळ्यात रोजच्या डिपची नोंद दर्शनी फलकावर लागावी. मागणी करताच मोजनळीची चाचणी करून मिळणे हा ग्राहकाचा हक्क ठरावा.

२००१ मध्ये देशातल्या पथदर्शी प्रयोगांसाठी निवडलेल्या तीन ठिकाणांपैकी मिरज आणि मनमाड ही दोन महाराष्ट्रातली होती. या इंधनात आपल्या ऊस उत्पादकांचे श्रम आणि सहकारी कारखान्यांचे भांडवल गुंतले आहे. त्यावरचा विश्वास जाहिरातीने टिकणार नाही आणि अफवांना दटावूनही टिकणार नाही. तो टिकेल मोजून दाखवल्याने, आणि तेही ग्राहकाच्या डोळ्यांसमोर.