नाण्याचा कस

नाणें प्रथम कोणी पाडिलें, या प्रश्नाचें उत्तर इतिहासाच्या पुस्तकांत बहुधा एका वाक्यांत उरकलेलें असतें. सोन्यारुप्याचीं नाणीं पाडून वापरण्याचा पहिला मान ग्रीक इतिहासकार हिरोडोटस यानें लिडियाच्या लोकांस दिला आहे, व तो बव्हंशीं रास्तच आहे. परंतु त्यांचीं पहिलीं नाणीं शुद्ध सोन्याचीं नव्हतीं, ही गोष्ट आम्हांस अधिक विचारार्ह वाटते.

लिडिया म्हणजे आजच्या तुर्कस्तानाचा पश्चिम भाग. तेथील राजधानी सार्डिस हिच्याजवळून वाहणाऱ्या पॅक्टोलस नदीच्या वाळूंत सोन्याचे कण सांपडत. पण त्यांत रुप्याचा अंश कमीअधिक असे. अशा मिश्र धातूस इलेक्ट्रम म्हणतात. इ. स. पूर्वीं सातव्या शतकाच्या उत्तरार्धांत या धातूचे लहान गोळे तोलून त्यांवर सिंहमुखाचा छाप उठविण्यांत येऊं लागला. एफिसस येथील आर्टेमिस देवीच्या देवळाच्या जागीं ब्रिटिश म्युझियमनें १९०४-०५ सालीं खणलें, तेव्हां अशीं प्राचीन नाणीं हातीं आलीं. पूर्ण नाण्याचें वजन सुमारें १४ ग्रॅम. त्याचा ९६ वा भागही पाडीत, व तो गुंजेहून थोडाच जड भरे. एवढेंसें नाणें हातांतून निसटलें तर धुळींत कोणी शोधावें!

वजन तराजू सांगतो. कस कोण सांगणार? रासायनिक परीक्षेंत असें दिसून आलें आहे कीं, नदींतील सोन्यापेक्षां या नाण्यांतील सोनें बरेंच कमी, शेंकडा ५५ च्या आसपास आहे. म्हणजे रुपें मुद्दाम मिसळलेलें आहे. शिवाय थोडें तांबेंही आहे, तें बहुधा फिकटलेला रंग सांवरण्यासाठीं. राजानें प्रजेस फसविलें, असें यावरून कोणी म्हणेल. आमचें मत निराळें आहे. लबाडी करणारा हात प्रत्येक खेपेस थोडें अधिक रुपें घालतो. येथें प्रमाण पुष्कळसें एकसारखें आहे. राजानें नफा घेतला खरा, पण छापाबरोबर कसाचीही हमी दिली.

तरीही मिश्र धातु तो मिश्रच. इ. स. पूर्वीं सुमारें ५६० ते ५४६ या काळांत राज्य करणाऱ्या क्रीसस राजाच्या कारकीर्दींत सोनें व रुपें यांचीं वेगळीं नाणीं निघालीं. तीं कशीं शक्य झालीं, याचा उलगडा १९६८ सालीं झाला. हार्वर्ड व कॉर्नेल या अमेरिकन विद्यापीठांच्या संशोधकांस सार्डिस येथें पॅक्टोलसच्या कांठीं सोनें शुद्ध करण्याच्या भट्ट्या सांपडल्या. धातूचे कण व पातळ पत्रे मिठाबरोबर मातीच्या भांड्यांत घालीत, आणि सोनें वितळणार नाहीं इतक्याच आंचेवर दीर्घकाल भाजीत. मिठाच्या योगें रुपें सोन्यापासून सुटून भांड्याच्या मातींत व भट्टीच्या विटांत मुरे. सोनें तेवढें मागें राही. मुरलेलें रुपेंही शिशाच्या साह्यानें परत काढीत. विटासुद्धां वाया घालविल्या नाहींत, हें आमच्या सराफकट्ट्यावरील मंडळींस विशेष पटेल!

या नव्या नाण्यांवर सिंह व बैल समोरासमोर आहेत. पुढें इराणच्या सायरसनें सार्डिस जिंकलें, क्रीससचें राज्य बुडालें; टांकसाळ मात्र चालूच राहिली. जेत्यांनीं कित्येक वर्षें तोच सिंह व तोच बैल नाण्यांवर उमटविला. डरायस राजानें इ. स. पूर्वीं सहाव्या शतकाच्या अखेरीस सुमारें ८.४ ग्रॅमचें आपलें सोन्याचें नाणें काढिलें, तेव्हां त्यांच्या जागीं धनुर्धारी राजा आला.