छोट्यांची मोटार, घरचे गॅरेज

वाढदिवसाला हौसेने आणलेली बॅटरीवरची मोटार पहिला महिनाभर घरभर धावते आणि पहिला पावसाळा सरेपर्यंत जिन्याखाली किंवा गॅलरीच्या कोपऱ्यात जाऊन बसते, हे अनेक घरांतील चित्र आहे. कधी बॅटरी दगा देते, कधी मूल आसनात मावेनासे होते, तर कधी गाडीचा संथपणा मुलाला कंटाळवाणा वाटू लागतो. अशा वेळी घरातील एखादा हौशी कारागीर पेचकस हातात घेतो आणि गाडीत 'जरा बदल' करण्याचे ठरते.

पालघर आणि बोईसर-तारापूर पट्ट्यात ही हौस अधिक आढळावी, हे स्वाभाविकच आहे. देशातील पहिले अणुवीज केंद्र १९६९ मध्ये तारापूरला सुरू झाले. बोईसरलगतच्या औद्योगिक वसाहतीमुळे फिटर, वायरमन, वेल्डर आणि तंत्रज्ञ यांची मोठी वस्ती येथे उभी राहिली. मल्टीमीटर आणि सोल्डरिंगची इस्त्री या घरांना नवी नाही. मात्र कारखान्यात जो नियम काटेकोरपणे पाळला जातो, तोच घरी आल्यावर विसरला जातो: यंत्राची सुरक्षा साधने कधीही वगळायची नाहीत. खेळण्यातील मोटारही यंत्रच आहे आणि तिच्यात बसणारे मूल अवघ्या तीन-चार वर्षांचे असते. बदल करताना गाडी मुलाच्या मापाची होत आहे की केवळ वेगवान होत आहे, हा प्रश्न म्हणूनच प्रथम विचारावा लागतो.

रचना कशी असते?

मुलांसाठी विजेची मोटार ही कल्पना शंभर वर्षांची आहे. प्रख्यात मोटार उत्पादक एत्तोरे बुगाटी यांनी १९२६ च्या सुमारास आपला धाकटा मुलगा रोलां याच्यासाठी शर्यतीच्या गाडीची अर्ध्या आकाराची, विजेवर चालणारी प्रतिकृती तयार केली. तिला इतकी मागणी आली की पुढे तिचे उत्पादनच सुरू झाले. आजच्या प्लॅस्टिकच्या गाडीतही मूळ घटक फारसे वेगळे नाहीत: बॅटरी, फ्यूज, पायाखालचा स्विच, पुढे-मागे जाण्याचा स्विच, एक किंवा दोन मोटर आणि प्रत्येक मोटरला जोडलेला दातेरी चाकांचा गिअरबॉक्स. नव्या गाड्यांत यांच्या जोडीला नियंत्रक पट्टी आणि पालकांच्या हातातील रिमोट असतो.

बहुतेक गाड्यांत ६ किंवा १२ व्होल्टची सीलबंद लेड ॲसिड बॅटरी असते. १२ व्होल्ट, ७ ॲम्पिअर-तास क्षमतेची बॅटरी सुमारे दोन किलो वजनाची असते. १२ व्होल्टचा झटका बसत नाही, म्हणून ती निरुपद्रवी मानली जाते. हा समज चुकीचा आहे. तिची दोन टोके चुकून जोडली गेली, तर क्षणभरात शेकडो ॲम्पिअरचा प्रवाह वाहू शकतो आणि तार लालबुंद होऊन भोवतालचे प्लॅस्टिक पेट घेऊ शकते. हा अनर्थ रोखण्याचे काम बॅटरीजवळचा छोटासा फ्यूज करतो. फ्यूज वारंवार उडत असेल, तर तो दोष फ्यूजचा नसून अडकलेल्या चाकाचा, झिजलेल्या मोटरचा किंवा सोललेल्या तारेचा असतो. जास्त ॲम्पिअरचा फ्यूज बसवणे किंवा त्या जागी तारेचा तुकडा लावणे म्हणजे रोग सोडून थर्मामीटर फोडण्यासारखे आहे.

आधी मोजमाप, मग बदल

कोणत्याही बदलापूर्वी बॅटरीची अवस्था पाहावी. पूर्ण चार्ज झालेली १२ व्होल्टची लेड ॲसिड बॅटरी काही तास विश्रांतीनंतर १२.७ व्होल्टच्या आसपास दाखवते. १२ व्होल्टच्या खाली आलेली बॅटरी जवळपास रिकामी समजावी. चार्ज केल्यावर ठीक दिसणारी, पण मूल बसताच झपाट्याने खाली येणारी बॅटरी बाद झालेली असते. गाडी संथ झाल्याच्या कित्येक तक्रारी नव्या बॅटरीनेच मिटतात आणि बाकी कशालाही हात लावावा लागत नाही.

गाडी अधिक वेळ चालावी, अशी इच्छा असेल तर व्होल्टेज तेच ठेवून अधिक ॲम्पिअर-तासांची बॅटरी बसवता येते. सातऐवजी बारा ॲम्पिअर-तासांच्या बॅटरीने वेग वाढत नाही, खेळण्याचा वेळ मात्र वाढतो. नवी बॅटरी आकाराने मोठी व वजनाने जड असल्याने ती पट्ट्याने पक्की बांधावी. जुन्या चार्जरने ती भरायला अधिक तास लागतील, हेही ध्यानात ठेवावे.

बारा व्होल्टचे अठरा केल्यास

घरगुती बदलांत सर्वाधिक मोह असतो तो व्होल्टेज वाढवण्याचा. बारा व्होल्टच्या गाडीला ड्रिल मशीनची अठरा व्होल्टची बॅटरी जोडली की गाडी खरोखरच धावू लागते. परंतु यामागचे गणित पाहण्याजोगे आहे. व्होल्टेज दीडपट झाले की वेगही साधारण दीडपट होतो. धडकेतील ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने ती सव्वादोन पट होते. थांबण्यासाठी लागणारे अंतरही त्याच हिशेबाने वाढते. चाक अडकल्यास मोटरमध्ये निर्माण होणारी उष्णताही सव्वादोन पट होते. गिअरबॉक्समधील प्लॅस्टिकचे दाते आणि बारा व्होल्टसाठी घडवलेली नियंत्रक पट्टी हा भार सोसण्यासाठी बनवलेली नसतात.

याहून गंभीर बाब ब्रेकची आहे. या गाड्यांना बहुधा स्वतंत्र ब्रेक नसतो. पाय उचलताच स्विच मोटरची दोन टोके एकमेकांना जोडतो. फिरती मोटर त्या क्षणी जनित्रासारखी वागते आणि चाकांना आवर घालते. बाजारातून वेगळा वेगनियंत्रक आणून बसवला आणि त्यात ही सोय नसली, तर पाय उचलल्यानंतरही गाडी घरंगळत राहते. उतारावरच्या पार्किंगमध्ये याचा अर्थ काय होतो, हे सांगायला नको.

हे धोके केवळ कल्पनेतील नाहीत. अमेरिकेत 'पॉवर व्हील्स' या नावाने विकल्या गेलेल्या सुमारे एक कोटी गाड्या उत्पादक फिशर-प्राइस कंपनीने ऑक्टोबर १९९८ मध्ये दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. विद्युत भाग तापून सुमारे १५० ठिकाणी आगी लागल्याची, तसेच गाडी न थांबल्याचीही नोंद त्या वेळी झाली होती. कारखान्यातून तयार होऊन आलेल्या गाड्यांची ही कथा. घरच्या जोडकामात सावधगिरी किती अधिक हवी, हे त्यावरून समजावे.

लिथियम बॅटरीचा वापर करायचाच असेल, तर तिच्यात संरक्षक सर्किट असलेच पाहिजे आणि ती तिच्या स्वतःच्या चार्जरनेच भरली पाहिजे. लेड ॲसिडचा चार्जर लिथियमला लावणे हे आगीला निमंत्रण होय.

चाके, आसन, पट्टा

याउलट काही बदल गाडीला खरोखर उपयुक्त ठरतात. प्लॅस्टिकची चाके गुळगुळीत फरशीवर घसरतात आणि सिमेंटवर कर्कश आवाज करतात. जुन्या सायकलच्या टायरची पट्टी चाकावर स्क्रूने बसवण्याची युक्ती अनेकांना ठाऊक आहे. परंतु चाकाची घसरण हीच गिअरबॉक्सची ढाल असते. पकड फार वाढली की भार थेट दात्यांवर येतो आणि ते तुटतात. म्हणून पातळ, मऊ रबर वापरावे आणि गाडी एकदम पुढे-मागे करण्याची सवय मुलाला लागू देऊ नये.

आसन मागे सरकवणे, पाठीला फोमचा आधार देणे, रुंद पट्टा बसवणे, टोकदार कडांना रबरी पट्टी लावणे, ही कामे कमी कौतुकाची वाटली तरी सर्वाधिक मोलाची आहेत. दिवे किंवा भोंगा जोडताना त्यांना वेगळा लहान फ्यूज द्यावा. तारांचे जोड नुसते पीळ देऊन टेप न लावता सोल्डर करून त्यावर आकुंचन पावणारी नळी चढवावी.

चालता न येणाऱ्या मुलासाठी

या छंदाचे सर्वांत अर्थपूर्ण रूप अमेरिकेतील डेलावेअर विद्यापीठात पाहायला मिळाले. तेथील प्राध्यापक कोल गॅलवे यांच्या पुढाकाराने 'गो बेबी गो' हा उपक्रम सुरू झाला. हालचालींवर मर्यादा असलेल्या लहानग्यांसाठी बाजारातील साध्या बॅटरी मोटारींत बदल करून द्यायचे, असे त्याचे स्वरूप होते. पायाच्या स्विचऐवजी हाताने दाबता येईल असे मोठे बटण, भोवती प्लॅस्टिक पाइपचा सांगाडा आणि अंगाला आधार देणारा फोम, एवढ्यावर मुले स्वतःहून हवे तेथे जाऊ लागली. एरवी कोणीतरी उचलून नेईपर्यंत वाट पाहणाऱ्या मुलाला आपल्या मर्जीने खोली ओलांडता येणे, ही लहान गोष्ट नव्हे.

असा बदल येथील घरांतही करता येण्याजोगा आहे. मात्र गाडीची रचना आधी ओळखावी. रिमोट आणि नियंत्रक पट्टी असलेल्या गाड्यांत पायाचा स्विच बहुधा केवळ इशारा देतो. तेथे त्याला समांतर साधे बटण जोडले तरी पुरते. जुन्या, साध्या गाड्यांत मोटरचा संपूर्ण प्रवाह त्याच स्विचमधून वाहतो. तेथे नाजूक बटण जळून चिकटते आणि गाडी थांबत नाही. अशा ठिकाणी मोटारगाड्यांत वापरला जाणारा १२ व्होल्टचा पाच पिनांचा रिले बसवावा. त्याच्या पाचव्या पिनेमुळे पाय उचलल्यावर लागणारा विजेचा ब्रेक कायम राखता येतो. मुलाला कसे बसवावे आणि बटण कोणत्या हाताला द्यावे, हे त्याच्या फिजिओथेरपिस्टला विचारूनच ठरवावे. मोठ्यांच्या हाती गाडी थांबवण्याचा रिमोट किंवा सहज पोहोचेल असा मुख्य स्विच असणे अनिवार्य आहे.

रंगकाम आणि वारली चित्रे

पालघर जिल्ह्याला रंगरूपासाठी दूर जाण्याची गरज नाही. गेरूच्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या रेषांनी सजणारी वारली चित्रकला याच मातीतील. डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी ती जगभर नेली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले. लाल-तपकिरी बॉनेटवर फेर धरलेले तारपा नृत्य शोभून दिसेल. लग्नातील देवचौक हा मात्र विधीचा भाग असल्याने तो खेळण्यावर न काढणेच उचित. जवळपासच्या वारली चित्रकाराकडून मोबदला देऊन काम करून घेतल्यास अधिक उत्तम.

गाडीच्या प्लॅस्टिकवर रंग सहजी धरत नाही. पृष्ठभाग साबणाने धुऊन, बारीक पॉलिश कागदाने घासून, प्लॅस्टिकचा प्रायमर मारून मगच रंग द्यावा. मुले स्टिअरिंग तोंडात घालतात, हे विसरू नये. घरगुती व सजावटीच्या रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाखांत ९० भागांपेक्षा अधिक नसावे, असा नियम देशात नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. तळाशी पडलेले जुने, औद्योगिक वापराचे डबे या कामी आणू नयेत.

खारी हवा आणि पावसाळा

केळवे, शिरगाव किंवा चिंचणीच्या किनाऱ्यावर गाडी नेण्याचा मोह टाळावा. ओली वाळू आणि खारे पाणी मोटरच्या बेअरिंगमध्ये आणि स्विचमध्ये शिरले की गाडीचे आयुष्य संपते. किनारपट्टीच्या दमट हवेत साधे स्क्रू लवकर गंजतात. स्टेनलेस स्टीलचे वापरावेत. बॅटरीच्या टोकांना पेट्रोलियम जेलीचा पातळ हात द्यावा. पावसाळ्याचे चार महिने गाडी बंद राहणार असेल, तर बॅटरी पूर्ण भरून, तारा सोडवून, कोरड्या जागी ठेवावी आणि दर महिन्याला पुन्हा भरावी. रिकामी ठेवलेली लेड ॲसिड बॅटरी आतून निकामी होते. दसऱ्याला गाडी न चालण्याचे कारण बहुतेक वेळा हेच असते. रात्रभर, सारे झोपले असताना चार्जिंग करू नये.

मुलाला बसवण्यापूर्वी

काम संपताच मूल गाडीत बसवण्याची घाई करू नये. प्रथम मागची चाके हवेत उचलून गाडी दोन्ही दिशांना चालवून पाहावी. नंतर मुलाच्या वजनाइतके तांदळाचे पोते आसनावर बांधून दहा मिनिटे फिरवावी आणि मोटर, स्विच व तारांचे जोड हाताने तपासावेत. हात ठेववत नसेल इतके काही तापले असेल, तर काम अपुरे आहे. पाय उचलताच गाडी थांबते का, याची चाचणी उतारावरही घ्यावी. गाडी आवारातच राहावी. सार्वजनिक रस्ता तिच्यासाठी नाही.

भारतात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह सक्तीचे झाले असून विजेच्या खेळण्यांसाठी आयएस १५६४४ हे मानक आहे. त्या चिन्हामागची चाचणी गाडीच्या मूळ रचनेची असते. वायरिंग बदलले की ती हमी संपते आणि जबाबदारी बदल करणाऱ्याकडे येते. निकामी बॅटरी कचऱ्यात न टाकता विक्रेत्याकडे परत द्यावी. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ती गोळा करून तिच्या पुनर्वापराची व्यवस्था करणे उत्पादकांवर बंधनकारक आहे.

मुलाला गाडी ताशी किती किलोमीटर धावते, याच्याशी फारसे कर्तव्य नसते. ती आपल्या हाताने वळते, आपल्या पायाने थांबते आणि आपल्या आवडीच्या रंगाची आहे, यातच त्याचे सुख असते. घरच्या गॅरेजने तेवढे साधले, तर पेचकस सत्कारणी लागला, असे खुशाल समजावे.