चोवीस तास घोड्याचे, सहा तास माणसाचे

गेल्या काही वर्षांत आपल्या घरांतून एक नवे वेड शिरले आहे. थंडीच्या दिवसांत मुले-मुली पुण्याकडे जातात, सिंहगड-राजगड-तोरणा अशी गडवाटांची शर्यत धावतात आणि पायांना फोड आणून परत येतात. आजोबा विचारतात, "कितवा नंबर?" नात म्हणते, "नंबर कसला आजोबा, वेळेत पोहोचले!" आजोबांना हे उत्तर पटत नाही. पण डोंगरातल्या लांब शर्यतींत 'वेळेत पोहोचणे' हीच कमाई मानली जाते, आणि ही रीत कशी पडली याची हकीकत मजेदार आहे. ती सुरू होते अमेरिकेत, घोड्यांपासून.

कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडा पर्वतात सोने-चांदीच्या खाणींच्या काळातली एक जुनी वाट आहे. मोटारी आल्यावर अशा वाटा ओस पडल्या आणि आताच्या घोड्यांत पूर्वीचा दम उरला नाही, असे लोक म्हणू लागले. ऑबर्न गावच्या वेंडेल रोबी यांना ते सहन झाले नाही. १९५५ साली चार-दोन सोबत्यांना घेऊन त्यांनी ताहो सरोवराच्या बाजूने ऑबर्नपर्यंतचे शंभर मैल एका दिवसात घोड्यावरून पार केले. शंभर मैल म्हणजे आपल्या जुन्या हिशेबाने पन्नास कोस! पुढे ही दौड दरवर्षी होऊ लागली. तिला टेव्हिस कप म्हणतात. चोवीस तासांत जो स्वार पोहोचेल त्याला पट्ट्याचे चांदीचे बक्कल. इंदूर, ग्वाल्हेर, बडोद्याकडच्या ज्या घरांत पणजोबांच्या घोड्याच्या गोष्टी अजून सांगितल्या जातात, त्यांना रोबींची ही ईर्षा समजावून सांगायला नको.

या वाटेवर माणूस पायी उतरला तो १९७२ साली. कॅन्सास राज्यातल्या फोर्ट राइली छावणीचे वीस सैनिक निघाले. सात पोहोचले आणि त्यांना जवळजवळ दोन दिवस लागले. हे सैनिक पुढे बरीच वर्षे विस्मरणात गेले. याचे कारण गॉर्डी एन्सली. हा दणकट बांध्याचा तरुण आधी टेव्हिसचाच स्वार होता. १९७३ साली त्याचा घोडा वाटेत लंगडला आणि त्याला माघार घ्यावी लागली. तेव्हा टेव्हिस जिंकणारी पहिली स्त्री, ड्रुसिला बार्नर, हिने त्याला घोड्याशिवाय यायला सुचवले. १९७४ च्या ऑगस्टमध्ये तो खरोखरच घोड्यांबरोबर पायी निघाला आणि २३ तास ४२ मिनिटांत ऑबर्नला पोहोचला. एकटा माणूस, घोड्यांचा धुरळा आणि घोड्यांचीच मुदत. अशी गोष्ट लोकांच्या तोंडी राहते. सैनिकांच्या वाट्याला ती प्रसिद्धी आली नाही, यात मला थोडा अन्याय दिसतो.

१९७७ मध्ये माणसांची पहिली अधिकृत शर्यत झाली, तीही घोड्यांच्याच दिवशी. निघालेल्यांपैकी फक्त तिघे शेवटपर्यंत गेले. बावीस वर्षांचा अँडी गोन्झालेस २२ तास ५७ मिनिटांत आला. उरलेले दोघे पन्नाशी ओलांडलेले होते: पीटर मॅटेई आणि राल्फ पॅफेनबार्गर. चोवीस तास झाले, चांदीचे बक्कल हातचे गेले, तरी दोघे चालत राहिले आणि २८ तास ३६ मिनिटांनी बरोबरच पोहोचले.

यातले पॅफेनबार्गर हे साधेसुधे हौशी गृहस्थ नव्हते. व्यायामाने हृदयविकाराचा धोका कमी होतो, हे गोदी कामगार आणि हार्वर्डचे माजी विद्यार्थी अशा हजारो माणसांचा वर्षानुवर्षे अभ्यास करून दाखवणारे ते संशोधक. आज डॉक्टर आपल्याला 'रोज चाला' म्हणतात, त्यामागे जी मोठी संशोधने आहेत त्यांत यांचे काम आहे. स्वतः ते धावू लागले चाळिशी उलटल्यावर.

या दोघांची चिकाटी पाहून आयोजकांनी माणसांसाठी तीस तासांची मुदत ठरवली. चोवीस तासांच्या आत चांदीचे बक्कल, तिसाच्या आत ब्राँझचे. लगेच पुढच्या वर्षी, १९७८ साली, शर्यत घोड्यांपासून वेगळी होऊन जूनमध्ये झाली आणि पॅट स्माइथ ही ती पूर्ण करणारी पहिली स्त्री ठरली. तिची वेळ २९ तास ३४ मिनिटे. जुनी मुदत राहिली असती, तर तिचे नाव कुठेच लागले नसते.

'वेस्टर्न स्टेट्स' नावाची ही शर्यत आजही त्याच डोंगरातून जाते. सुरुवातीच्या चढावर जूनमध्येही कधीकधी बर्फ असते, दुपारी खोल दऱ्यांतला पारा चाळिसावर जातो, पुढे अमेरिकन नदी ओलांडायची आणि शेवटी ऑबर्नच्या शाळेच्या मैदानात यायचे. एकूण चढण सुमारे साडेपाच हजार मीटर आणि उतार सात हजार; गड उतरताना गुडघ्यांचे काय होते हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना दुसरा आकडा जास्त भिववेल. पहिले येणारे पंधरा तासांच्या आसपास पोहोचतात. पण मैदान गच्च भरते ते दुसऱ्या दिवशी सकाळी, तिसाव्या तासाला.

२०१५ साली त्या तासाला गनहिल्ड स्वॉन्सन मैदानाकडे येत होत्या. वय सत्तर. वाटेत एकदा चुकीच्या रस्त्याला लागून त्यांचा बराच वेळ गेला होता. त्या वर्षीचा विजेता रॉब क्रार आदल्या संध्याकाळीच पोहोचला होता. तो पायातल्या साध्या सपाता तशाच ठेवून शेवटच्या टप्प्यात त्यांच्या बाजूने धावला. हात कुणी लावायचा नाही, असा नियम. लोक ओरडत होते, घड्याळ चालू होते. बाईंनी रेषा ओलांडली तेव्हा २९ तास ५९ मिनिटे ५४ सेकंद झाले होते. सत्तरी गाठलेल्या स्त्रीने ही शर्यत मुदतीत पुरी करण्याची ती पहिली वेळ. त्यांना ब्राँझचे बक्कल मिळाले.