अंटार्टांचे युद्ध : निकाल न लागलेली चित्रकथा

ऑगस्ट १९७४मध्ये अर्जेंटिनाच्या सरकारने ब्वेनोस आयरेसमधील ‘नोतिसियास’ हे दैनिक बंद केले आणि त्यात क्रमशः येणारी एक चित्रकथा अर्ध्यावरच थांबली. ‘ला गेर्रा दे लोस आन्तार्तेस’, म्हणजे ‘अंटार्टांचे युद्ध’, हे तिचे नाव. कथा एक्तोर ओस्टरहेल्ड यांची, चित्रे गुस्तावो त्रिगो यांची. अंटार्क्टिकात ठाण मांडलेल्या परग्रहवासीयांशी बड्या सत्ता तह करतात आणि स्वतःचा बचाव साधण्यासाठी दक्षिण अमेरिका त्यांच्या हवाली करतात, असे तिचे कथानक.

या कथानकाची मुळे मागे जातात. भूविज्ञान शिकलेल्या ओस्टरहेल्ड यांनी १९५७ ते १९५९ या काळात चित्रकार सोलानो लोपेस यांच्यासह ‘एल एतेरनाउता’ ही चित्रकथा साप्ताहिकातून पूर्ण केली. ब्वेनोस आयरेसवर प्राणघातक बर्फ पडू लागतो. घरात पत्ते खेळत बसलेले मित्र मिळेल त्या सामानातून संरक्षक पोशाख तयार करतात आणि इतर नागरिकांसह लढ्यात उतरतात. वाचकांच्या रोजच्या रस्त्यांवर घडणाऱ्या या कथेत शत्रू आकाशातून आलेला होता. त्याला दार कोणी उघडले, हा प्रश्न तेव्हा नव्हता.

तो प्रश्न १९६९मध्ये आला. ओंगानिया यांच्या लष्करी राजवटीत ओस्टरहेल्ड यांनी ‘खेन्ते’ साप्ताहिकासाठी हीच कथा नव्याने लिहिली. आता बड्या सत्तांनी दक्षिण अमेरिका शत्रूला देऊन टाकली होती. आल्बेर्तो ब्रेचा यांची प्रयोगशील चित्रे आणि कथेचा राजकीय सूर दोन्ही साप्ताहिकाला झेपले नाहीत. कथा घाईघाईने गुंडाळावी लागली. पुढच्याच वर्षी ‘२००१’ या मासिकात ‘आन्तार्तेस’चा पहिला अवतार सुरू झाला, तोही अपुराच राहिला.

१९७४च्या बंदीचा रोख मात्र चित्रकथेवर नव्हता. ‘नोतिसियास’ हे मोंतोनेरोस या सशस्त्र पेरोनवादी संघटनेचे दैनिक होते आणि सरकारला ते नको होते. तरीही अर्थ निघतो तो असा : जो आरोप व्यावसायिक साप्ताहिकाला पेलला नाही, तो करण्यासाठी लेखकाला चळवळीचे पत्र गाठावे लागले आणि त्या पत्राचे आयुष्य तेवढेच ठरले. लेखकाची कल्पना आटल्यामुळे ही कथा अपुरी राहिलेली नाही.

मार्च १९७६मध्ये लष्कराने सत्ता घेतली. भूमिगत असतानाही ओस्टरहेल्ड ‘एल एतेरनाउता’चा दुसरा भाग लिहीत होते. १९७७मध्ये त्यांचे अपहरण झाले. ते परतले नाहीत. मोंतोनेरोसमध्ये काम करणाऱ्या त्यांच्या चारही मुली याच दमनात बळी पडल्या.

२०२५मध्ये ‘एल एतेरनाउता’वर आधारित मालिका जगभर पाहिली गेली. ‘आन्तार्तेस’ नंतर पुस्तकरूपाने निघाली, पण तिला कोणी शेवट जोडलेला नाही. त्या कोऱ्या जागेचे उत्तर लेखकाच्या टेबलावर शोधून मिळणार नाही. ते अर्जेंटिनाच्या इतिहासात शोधावे लागते.