बेकारीपेक्षा घातक

नाणे मावळातल्या आमच्या वडिवळ्यात जमीन थोडी आणि भात पावसावरचा. म्हणून आधीच्या पिढीतले गडी कामशेतला गाडी धरून मुंबईला जात. आमचे अण्णा परळच्या गिरणीत साचेखात्यात होते. त्यांच्या मनिऑर्डरीवर बियाणं यायचं, घर शाकारलं जायचं, आत्याचं लग्नही त्यावरच झालं.

18 जानेवारी 1982 ला कामगार नेते डॉ. दत्ता सामंतांच्या पाठीशी मुंबईचे अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार संपावर गेले. मागणी पगाराची होती, तशीच आपली युनियन आपण निवडण्याचीही. 1946 च्या कायद्यानं मान्यता एकाच युनियनला, राष्ट्रीय मिल मजदूर संघाला होती. कामगारांचा तिच्यावर भरवसा उरला नव्हता, तरी सरकार दुसऱ्या कुणाशी बोलेना. संप मोडला, हजारोंचं काम गेलं. अण्णा शेतावर परतले. ज्यांना गावी शेत नव्हतं, ते चाळीतच राहिले.

1984 ला मुंबईच्या गिरणगावानं, म्हणजे गिरण्यांच्या वस्तीनं, सामंतांना लोकसभेवर धाडलं. मतपेटीवर तोवर विश्वास होता, पण काम परत आलं नाही. मग ‘तुझी भाकरी त्या परक्यानं पळवली’ म्हणणाऱ्याचं लोक ऐकू लागले. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 च्या दंगलींत मुंबईत सुमारे 900 माणसं मेली. ती एकट्या बेकारीनं मारली नाहीत. पण द्वेषाला रिकामे हात सापडतात, हे खरं.

हे मुंबईपुरतंच नाही. जर्मनीत नाझींना मे 1928 मध्ये 2.6 टक्के मतं होती, जुलै 1932 मध्ये 37.3 टक्के. साठ लाख बेकार झाले, हे कारण सगळे देतात. पण 1930 पासून चॅन्सेलर ब्र्यूनिंग संसदेला डावलून अध्यक्षांच्या अध्यादेशांवर कारभार करत होता. हिटलर येण्याआधीच मताची किंमत उतरली होती.

उलट उदाहरणही मुंबईतच आहे. त्याच गिरणगावात दत्ता इस्वलकरांनी बंद गिरण्यांच्या कामगारांची संघर्ष समिती उभी केली. मोर्चे, उपोषणं करत गिरण्यांच्या जागेवर घरं मागितली. म्हाडाच्या सोडतीत हजारोंना ती मिळालीही. उपासमार तीच होती, पण गाऱ्हाणं मांडायला हक्काची जागा होती.

आज वडिवळ्याची पोरं तळेगाव-चाकणला कंत्राटी कामावर जातात. तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना 2020 च्या अखेरीस थांबला, तेव्हा कायम कामगार निदान रस्त्यावर उतरून भांडले. कंत्राटी पोरानं कुठं जायचं? त्याला पगाराइतकीच युनियन हवी, गुप्त मतदानानं निवडलेली. लोकशाही टिकवायची तर सुरुवात कारखान्याच्या गेटवर करावी लागेल.