कोन्या गावचे तुमी?

आमच्या आजीचा एक प्रश्न ठरलेला होता. ओसरीवर नवखा माणूस टेकला की आधी पाण्याचा गडवा त्याच्यापुढे यायचा आणि मग तो प्रश्न, "कोन्या गावचे तुमी?" विचारण्यात संशय नसे. उत्तर जितक्या दूरच्या गावाचे, तितकी आजी खुलायची. माणूस उठायला लागला तरी तिची गोष्ट संपत नसे आणि मग पोह्यांची बशी यायचीच.

अर्जुनी मोरगावात असा प्रश्न विचारायला माणसांची कधी वाण पडली नाही. आधी एक सांगायला हवे. आमची अर्जुनी ती मोरगावाला लागून असलेली, रेल्वेची. दुसरी सडक अर्जुनी, नागपूर-रायपूर महामार्गावरची. आमच्या घरच्या एका लग्नाला निघालेले पाहुणे चुकून त्या अर्जुनीत उतरले होते आणि मांडवात पोचेपर्यंत अक्षता पडून गेल्या होत्या. गावाचे नाव नाल्याकाठच्या अर्जुनाच्या झाडांवरून पडले असे आजी म्हणे. आबाजी, म्हणजे आजोबा, मात्र पांडवांना मध्ये आणत. मला झाडांची गोष्ट पटते. लहानपणी त्या पांढऱ्या, गुळगुळीत बुंध्यांना टेकून मी पुष्कळ दुपारी काढल्या आहेत.

आम्ही कोहळी. तलाव बांधणाऱ्यांची जात. "आपन काशीचे," असे आबाजी सांगत. गोंड राजा काशीयात्रेला गेला, तिथे त्याने पाणी अडवणारी माणसे पाहिली आणि आपल्या झाडीत तलाव हवेत म्हणून त्यांना सोबत आणले. राजा चांद्याचा, एवढे आबाजींच्या गोष्टीत पक्के होते. त्याचे नाव मात्र दर खेपेला बदले. लहानपणी मी ते धरून बसायची, तर आबाजी म्हणत, "राजाचं नाव कायले पायजे? तरा पाय, तरा!" तरा म्हणजे तळे. आमच्याकडे ळ चा र होतो, ण चा न होतो, आणि पाणी हे पानीच असते.

तळे पाहायला ते मला नवेगावला घेऊन गेले होते. अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळ्याने बांधलेला तो बांध. भोवती डोंगर आहेत, त्यांना सात बहिणी म्हणतात. आजीच्या गोष्टीत दिवसा घातलेली पाळ रात्री वाहून जायची आणि शेवटी या सात बहिणींनीच हात लावला तेव्हा पाणी थांबले. कोलू पाटील पुढे कोलासूर देव झाला, डोंगरावर त्याचे ठाणे आहे. मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून याच नवेगावात राहिले आणि 'नवेगावबांधचे दिवस' लिहिले, तेव्हा आबाजींच्या पिढीची कितीतरी माणसे अजून होती. पाखरांची, झाडांची इथली नावे त्यांनी अशाच माणसांच्या तोंडून वेचली.

पण एक गोष्ट आबाजी सांगत नसत, ती मला मोठेपणी सुचली. कोलू पाटलाने बांध घातला खरा, पण मातीच्या टोपल्या कोणाच्या डोक्यावर होत्या? ही झाडी मुळात गोंडांची. हलबा, गोवारी, महार, ढिवर यांचे हात त्या पाळीत आहेतच. ढिवरांनी नंतर त्याच पाण्यात जाळी टाकली, शिंगाडे लावले आणि आमच्या ताटात मासळी आली. पाणी कोणत्या दिवशी किती सोडायचे, कोणत्या बांधीला आधी द्यायचे, याचे भांडण पाळीवर बसून मिटे. रोवण्याच्या दिवसांत तर पऱ्ह्याच्या, म्हणजे धानाच्या रोपांच्या, पेंढ्या घेऊन चिखलात उभी असलेली रांग कोणकोणत्या जातीची, हे दुरून कळत नसे. घरी परतताना मात्र कळे. गोंडटोला एकीकडे, ढिवरटोली दुसरीकडे, महारवाड्याची विहीर वेगळी. आजी माझी फार लाडकी होती, तरी हे लिहायला हवे की त्या विहिरीचे पाणी ती कितीतरी वर्षे प्याली नाही.

त्या मोहल्ल्यातले एक म्हातारे आबाजींचे सवंगडी होते. 1956 च्या ऑक्टोबरात ते छोट्या गाडीने नागपूरला गेले आणि 14 तारखेला दीक्षाभूमीवर बाबासाहेबांसमोरच्या गर्दीत उभे राहिले. सोबत भाकरीचे गाठोडे होते, ते उघडायची शुद्ध राहिली नाही असे ते सांगत. परत आले ते पांढऱ्या कपड्यांत. पुढच्याच महिन्यात 1 नोव्हेंबरला आमचा भाग मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला. शाळेतल्या मास्तरांना त्याचे मोठे कौतुक. आजीच्या लेखी मात्र त्या वर्षीची बातमी एकच, "बुढा नागपूरले जाऊन आला, आता कोनापुढं वाकत नाई." पुढे त्यांच्या नातीच्या बारशाला आजी गेली आणि त्यांच्या घरचा चहा प्याली. घरी आल्यावर ती यावर काही बोलली नाही, आणि आबाजींनीही विचारले नाही.

छोटी गाडी म्हणजे गोंदियाहून नागभीडकडे जाणारी नॅरोगेज. 1908 च्या सुमारास सुरू झाली. आजीच्या सासूने पहिले इंजिन पाहिले होते म्हणे, आणि त्याला हळदकुंकू वाहिले होते. कंपनीचे नाव बंगाल नागपूर रेल्वे. त्या रुळांवरून गँगमध्ये काम करणारी तेलुगू माणसे आली, छत्तीसगडी मजूर आले, तांदूळ आणि मोहफुले घेणारे मारवाडी नि कच्छी व्यापारी आले आणि बाजाराच्या रस्त्यावर त्यांची दुकाने लागली. नव्वदच्या दशकात लाईन मोठी झाली. गाडी वेगात जाते आता, पण खिडकीतून हात बाहेर काढून करवंदे तोडायची सोय गेली.

गावात बंगाल आधी आला तो असा, नुसता डब्यांवरच्या अक्षरांत. बंगाली माणसे आली ती 1964 नंतर. पूर्व पाकिस्तानातून उठवलेली, रायपूरजवळच्या माना छावणीत तंबूंत राहिलेली कुटुंबे. त्यांना जंगलाकडेला जमीन दिली आणि अरुणनगर, गौरनगर, पुष्पनगर अशी गावे उभी राहिली. आमच्या टोल्या, मोहल्ल्यांच्या नावांत ही नावे वेगळी वाजत. ती माणसे बहुतेक नमःशूद्र. बंगालात ही अनुसूचित जात आहे, महाराष्ट्राच्या यादीत नाही. त्यामुळे त्यांची नातवंडे आजही दाखल्यासाठी झगडतात. नदीकाठच्या माणसांना नशिबाने तलावांच्या मुलखात आणले, एवढेच काय ते बरे झाले.

त्यांच्यातली एक बाई बाजाराच्या दिवशी भाजी घेऊन आमच्या ओसरीवर टेके. हातात शंखाच्या पांढऱ्या बांगड्या, भांगात लांब शेंदूर. पहिल्यांदा आली तेव्हा आजीने पाणी दिले आणि विचारले, "कोन्या गावची तू?" बाईला भाषा येत नव्हती, पण प्रश्न कळला असावा. तिने हाताने पूर्व दाखवली, मग जमिनीवर बोटाने एक वाकडी रेघ ओढली. नदी. आजीला तेवढे पुरले.

एकदा ढिवराने मोठी मरळ आणून दिली. आजी पावशी, म्हणजे विळी, घेऊन अंगणात उकिडवी बसली, पाट पायाखाली दाबून. ती बाई म्हणाली, थांबा. आपल्या टोपलीतून तिने तिची बोटी काढली. तीही तशीच, लाकडी पाट आणि वर वळलेले पाते, फक्त पाते जरा उंच. तीही तशीच बसली, पाट पायाखाली दाबून. दोघींनी समोरासमोर बसून एकच मासा अर्धा अर्धा चिरला. राख लावून खवले काढायची रीतही एकच निघाली. वाद झाला तो तेलावरून. आमच्याकडे जवसाचे, तिच्याकडे मोहरीचे. तिने बाटलीतले चार थेंब आजीच्या तळहातावर टाकले. आजीने वास घेतला, डोळ्यांत पाणी आले, तरी म्हणाली, "टाक कढईत." त्या दिवसापासून बाई आजीला माशीमा म्हणू लागली. म्हणजे मावशी, हे आम्हाला पुष्कळ उशिरा कळले.

तिबेटी लोक आणखी नंतरचे. 1972 मध्ये गोठणगाव-प्रतापगडच्या बाजूला त्यांची वसाहत झाली, नोर्ग्येलिंग नावाची. बर्फातून आलेली माणसे आमच्या मे महिन्यात कशी जगली असतील, याचे आजीला फार वाटे. धानाची शेती ती इथे येऊन शिकली आणि हिवाळ्यात स्वेटर विकायला शहरोशहरी जाऊ लागली. बाजारात एक म्हातारा हातातले पितळी चक्र फिरवत उभा असायचा. आजीने त्याला विचारले, त्याने मोडक्या हिंदीत सांगितले, जप करतो. आजीने पदराखालची तुळशीची माळ काढून दाखवली. दोघे बराच वेळ हसत राहिले. आणि आबाजींचे ते सवंगडी तर मुद्दाम वसाहतीतल्या गोंपात जाऊन आले. तिथली बुद्धमूर्ती, दिवे, रंगीत पताका पाहून आले ते गप्पच. दोन दिवसांनी म्हणाले, "त्याहीचा बुद्ध सोन्याचा हाय. पन डोरे तेच."

महाशिवरात्रीला ही सगळी माणसे प्रतापगडाला दिसत. डोंगरावर महादेव आणि तिथेच ख्वाजा उस्मान हारुनींचा दर्गा. गोंड, कोहळी, मुसलमान, बंगाली एकाच वाटेने चालत. आजी नारळ महादेवाला वाही आणि दर्ग्यावर रेवड्या चढवी. परतताना मुलांना मुरमुरे आणि लाल फुगा ठरलेला.

आजी गेली त्या वर्षी रोवणे उशिरा झाले होते. तेरवीच्या दिवशी मागच्या अंगणात कोहळ्याचे डोंगर पडले होते आणि काकू, माम्या, आत्या पावश्या घेऊन रांगेने बसल्या होत्या. मला विळखा घालून ती बंगाली बाई रडली. मग डोळे पुसले, पिशवीतून बोटी काढली आणि कोणी काही म्हणायच्या आत मोठ्या काकूशेजारी जागा करून बसली. काकूने न बोलता एक कोहळा तिच्याकडे सरकवला.