लिन, लॉरेटा

(१४ एप्रिल १९३२ – ४ ऑक्टोबर २०२२). अमेरिकन कंट्री गायिका व गीतकार. केंटकी राज्यातील बुचर हॉलो या डोंगराळ वस्तीत कोळसा खाणकामगाराच्या घरी जन्म. आठ भावंडांत दुसरी. जन्मवर्ष दीर्घकाळ १९३५ असे छापले गेले आणि विवाह तेराव्या वर्षी झाल्याचे सांगितले गेले. २०१२ मध्ये उजेडात आलेल्या शासकीय नोंदींनुसार जन्म १९३२ चा असून जानेवारी १९४८ मधील विवाहाच्या वेळी ती पंधरा वर्षांची होती. पती ऑलिव्हर लिन. अपत्ये सहा.

विवाहानंतर वॉशिंग्टन राज्यातील कस्टर येथे वास्तव्य. तेथे पतीने आणून दिलेल्या सुमारे १७ डॉलरच्या हार्मनी गिटारवर ती स्वतःच वाजवायला शिकली. ‘आय ॲम अ हॉन्की टाँक गर्ल’ (१९६०) ही पहिली तबकडी ‘झीरो’ या छोट्या कंपनीने काढली. तिच्या प्रसाराची हकिकत मुद्दाम नोंदवण्याजोगी आहे. जाहिरातीला पैसा नव्हता. पतिपत्नी मोटारीने गावोगावच्या नभोवाणी केंद्रांवर जात, निवेदकाच्या हाती तबकडी देऊन ती वाजवण्याची विनंती करीत आणि रात्री मोटारीतच झोपत. ते गाणे ‘बिलबोर्ड’ या संगीतविषयक नियतकालिकाच्या कंट्री यादीत चौदाव्या स्थानापर्यंत चढले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ती नॅशव्हिलच्या ‘ग्रँड ओल ऑप्री’ या कंट्री संगीताच्या नभोवाणी कार्यक्रमात प्रथम गायली.

पुढे डेक्का कंपनीत निर्माते ओवेन ब्रॅडली यांच्याकडे तिचे ध्वनिमुद्रण होऊ लागले. गायिका पॅट्सी क्लाइन हिचा सुरुवातीला मोठा आधार मिळाला. ‘डोन्ट कम होम अ-ड्रिंकिंग’ने १९६७ मध्ये प्रथमच अग्रस्थान मिळवले. ‘कोल मायनर्स डॉटर’ (१९७०) हे स्वतःच्या बालपणावरचे गीत तिने बरेच लांब लिहिले होते. ब्रॅडलींच्या सांगण्यावरून काही कडवी गाळली. संततिनियमनाच्या गोळीवरील ‘द पिल’ (१९७५) अनेक केंद्रांनी वाजवायचे नाकारले, तरी ते गाजले. दारुडा नवरा, सततची बाळंतपणे हे विषय संसारी बाईच्या तोंडून, तिच्याच बोलीत कंट्री संगीतात आणले, हे तिचे खरे कार्य. तिच्या आवाजाइतकेच तिचे शब्दही मोलाचे मानले पाहिजेत.

गायक कॉनवे ट्विटीसमवेतची युगुलगीतेही लोकप्रिय.

कंट्री म्युझिक असोसिएशनचा सर्वोच्च पुरस्कार मिळवणारी पहिली स्त्री (१९७२). आत्मचरित्र १९७६, त्यावरील चित्रपटात (१९८०) तिची भूमिका करणाऱ्या सिसी स्पेसेक हिला ऑस्कर मिळाले. रॉक संगीतकार जॅक व्हाइटसह केलेल्या ‘व्हॅन लिअर रोझ’ (२००४) या गीतसंग्रहाला दोन ग्रॅमी. राष्ट्राध्यक्षांचे स्वातंत्र्यपदक २०१३. टेनेसीतील हरिकेन मिल्स येथे राहत्या घरी निधन.